जेवून जा, जपून जा: इंग्रजी वाक्यं जोडताना नेहमी पडणारे प्रश्न

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ मी संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवते. वर्गात बारावीची मुलं असतात, एसटीत वाहक असलेले एक दादा येतात, कंदी पेढ्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसणारी ताई येते, पुण्यात मुलाखती द्यायला निघालेली पोरं येतात. शब्द सगळ्यांकडे असतात. अडतं ते दोन वाक्यं जोडताना. तिथे विचारले जाणारे प्रश्न इतके सारखे असतात की ते एकदा नीट लिहून ठेवावेत असं वाटलं. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहिली आहेत, म्हणजे स्पेलिंगकडे लक्ष न जाता ती आधी कानाला ऐकू येतील.

क्रियाविशेषण आणि उभयान्वयी अव्यय यांतला फरक कळलाच पाहिजे का?

व्याख्या पाठ नसली तरी चालेल, काम ओळखता आलं पाहिजे. क्रियाविशेषण क्रियापदाला चिकटतं आणि कसं, कधी, कुठे, किती ते सांगतं: "हळू चालव", "ड्राइव्ह स्लोली". उभयान्वयी अव्यय दोन वाक्यांच्या मध्ये किंवा त्यांतल्या एकाच्या सुरुवातीला बसून त्यांना बांधतं: "आणि", "पण", "अँड", "बट", "बिकॉज".

इंग्रजीत एकच शब्द दोन्ही कामं करतो, म्हणून गोंधळ होतो. "आय हॅव सीन हिम बिफोर" यात "बिफोर" क्रियाविशेषण आहे, कारण तो फक्त "पाहिलं"ला चिकटला आहे. "कॉल मी बिफोर यू लीव्ह" यात तोच शब्द जोडणीचं काम करतो, कारण त्याच्यामागे कर्ता आणि क्रियापद असलेलं अख्खं वाक्य आलं आहे. शब्दाच्या पुढे काय येतं ते बघायचं. एवढी सवय लागली तरी निम्मं व्याकरण झालं.

"जेवून जा" इंग्रजीत कसं म्हणायचं? "ईट अँड गो" बरोबर आहे का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे दारातून निघणाऱ्या पाहुण्याला दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात: "जेवून जा" आणि "जपून जा". दोन्हींची घडण अगदी सारखी, शेवटी तोच "ऊन" आणि पुढे तेच "जा". पण "जपून" हे कसं जायचं ते सांगतं, ते क्रियाविशेषणाचं काम आहे. इंग्रजीत त्याचं "गो केअरफुली" होतं, किंवा रोजच्या बोलण्यात "टेक केअर ऑन द वे". "जेवून" मात्र आधी करायची दुसरी क्रिया सांगतं, म्हणजे तिथे दोन क्रिया जोडल्या गेल्या आहेत. आपल्या "ऊन"च्या पोटात क्रियाविशेषण आणि उभयान्वयी अव्यय दोन्ही नांदतात. इंग्रजीला मात्र दर वेळी वेगळा मार्ग घ्यावा लागतो.

आता "ईट अँड गो". व्याकरणात चूक नाही. पण "अँड" दोन्ही क्रियापदांना सारखं वजन देतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला "खा आणि निघ" असं ऐकू येतं. मराठीत "जेवून जा" म्हणताना सगळं वजन "जेवून"वर असतं, "जा" नावापुरतं असतं. आजी पाहुण्याला घालवत नसते, थांबवत असते. ते वजन इंग्रजीत आणायचं तर "हॅव समथिंग टु ईट बिफोर यू गो" म्हणायचं. "सांगून जा" म्हणजे "टेल मी बिफोर यू गो".

हाच "ऊन" आणखी कुठे कुठे कसा बदलतो बघा. "ती हसून म्हणाली" याचं "शी सेड विथ अ स्माइल". "तो घसरून पडला" याचं "ही स्लिप्ड अँड फेल". "चुकून झालं" याचं "इट हॅपन्ड बाय मिस्टेक". "घेऊन ये" तर एकाच शब्दात संपतं: "ब्रिंग". इथे "टेक अँड कम" म्हणणारे मला दर बॅचला भेटतात. मराठीत दोन क्रियापदं आहेत म्हणून इंग्रजीतही दोन असलीच पाहिजेत असं नाही. "घेऊन जा"चं तसंच, नुसतं "टेक".

आणि क्रियांची लांब माळ असेल तर? "सकाळी उठून, आंघोळ करून, डबा घेऊन मी स्टँडवर गेलो." पुष्कळ जण इथे "आफ्टर वेकिंग, आफ्टर बाथिंग, आफ्टर टेकिंग" अशी रांग लावतात. इंग्रजीत प्रत्येक क्रियापद साध्या भूतकाळात ठेवायचं आणि "अँड" फक्त शेवटच्या आधी: "आय गॉट अप, हॅड अ बाथ, टुक माय टिफिन अँड वेंट टु द स्टँड." क्रम वाक्यातच दिसतो, "आफ्टर" लागत नाही.

"ऑल्दो" नंतर "बट" का चालत नाही?

दहावीत माझ्या उत्तरपत्रिकेत याच "बट"भोवती लाल गोल काढलेला होता. शेजारी काही लिहिलेलं नव्हतं. कोणी कारण सांगितलं नाही, आणि पुढची कित्येक वर्षं ते कोडं डोक्यात राहिलं. म्हणून हे कारण मी प्रत्येक बॅचला पहिल्याच आठवड्यात सांगते.

मराठी जोडीने सांधते. जरी आला की तरी येतोच, जेव्हा आला की तेव्हा, जसा आला की तसा. आपल्या कानाला दुसरा शब्द आल्याशिवाय वाक्य पुरं वाटत नाही. इंग्रजी एका सांध्याला एकच शब्द लावते. "ऑल्दो"ने पहिलं वाक्य दुसऱ्याला आधीच बांधून टाकलेलं असतं, मग "बट"ला काम उरत नाही. पेढ्यांच्या दुकानातली ताई कासला निघालेल्या पर्यटकांना सांगायची, "ऑल्दो इट इज कॉस्टली, बट इट इज प्युअर." तिने मला विचारलं, "गिऱ्हाइकाला समजतंय की, मग चूक कुठाय?" समजतं, खरंच समजतं. पण "ऑल्दो इट इज कॉस्टली, इट इज प्युअर" किंवा "इट इज कॉस्टली, बट इट इज प्युअर", यांतलं कुठलंही एक घेतलं की वाक्य स्वच्छ होतं. दुकानात बोलताना मी दुसरं सुचवते. ते जिभेवर सहज बसतं.

मनात मराठी येणारच. तिला अडवायचं नाही, फक्त "जरी... तरी" ऐवजी "असूनही" आणायचं: "महाग असूनही शुद्ध आहे." हाही मराठीच, आणि यात सांधा एकच आहे. पुढची बरीच उत्तरं याच युक्तीवर उभी आहेत: मराठीतच एका सांध्याचं रूप असतं, ते शोधायचं.

"बिकॉज"ने वाक्य सुरू केलं तर चालतं का?

चालतं. शाळेत "नाही" सांगतात ते मुलांनी अर्धं वाक्य लिहून सोडून देऊ नये म्हणून. "बिकॉज द घाट वॉज क्लोज्ड, द बस केम लेट" हे पूर्ण वाक्य आहे. घोळ पुढे होतो. मराठीत "कारण" मधे बसतं आणि कारणाचं वाक्य त्याच्या मागून येतं: "एसटीला उशीर झाला, कारण घाट बंद होता." कारण आधी सांगायचं असेल तर आपण "म्हणून" घेतो. इंग्रजीत "बिकॉज" पुढे आणला की मनातला "म्हणून" गप्प बसत नाही आणि "सो" होऊन बाहेर पडतो. "बिकॉज" आणि "सो" एका वाक्यात दिसले की एक खोडायचा.

"अँड" आणि "बट"ने वाक्य सुरू करायलाही बोलण्यात हरकत नाही. अर्जात जपून वापरा.

"अन्टिल यू डोन्ट कम" यात काय चुकलं?

"डोन्ट" चुकलं. आपण म्हणतो, "तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबते." त्यातलं "नाही" सरळ इंग्रजीत उतरतं. "अन्टिल"ला नकार नको असतो: "आय विल वेट अन्टिल यू कम."

इथेही मराठीतलं दुसरं रूप हाताशी आहे: "तू येईपर्यंत मी थांबते." बघा, "नाही" आपोआप गळून पडलं. "अन्टिल" म्हणजे "जोपर्यंत नाही तोपर्यंत" असं पाठ करण्याऐवजी "येईपर्यंत, होईपर्यंत, संपेपर्यंत" असं पाठ करा. चूक होणारच नाही.

"अनलेस"चंही तसंच. "जर अभ्यास केला नाहीस तर" हे डोक्यात धरलं की "अनलेस यू डोन्ट स्टडी" येतं, आणि अर्थ उलटा होतो. "केल्याशिवाय" धरा: "अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस", "यू वोन्ट पास अनलेस यू स्टडी". एक अडचण मात्र सांगून ठेवते. मुख्य वाक्य होकारी असेल तर "शिवाय" उपयोगाला येत नाही. "आय विल कम अनलेस इट रेन्स" म्हणजे "पाऊस आला नाही तर येईन". तेव्हा "अनलेस"च्या पोटातच "नाही" आहे एवढं लक्षात ठेवावं लागतं.

"व्हेन ही विल कम" का म्हणत नाहीत? तो तर उद्या येणार आहे!

वाहक दादांनी अगदी कळकळीने विचारलं होतं: "मॅडम, गाडी अजून यायचीय, मग विल का नको?" मी त्यांना म्हटलं, मराठीत सांगा बरं. ते म्हणाले, "गाडी आली की सांगतो." "आली"! गाडी अजून खंबाटकी घाटात, आणि दादा "आली" म्हणाले. भविष्यकाळ त्यांनीही वापरला नव्हता. आपण "पाऊस आला तर" म्हणतो, "पाऊस येईल तर" आपल्या तोंडात बसत नाही.

इंग्रजी तेच करते, फक्त ती वर्तमानकाळ घेते: "व्हेन द बस कम्स, आय विल टेल यू." "इफ इट रेन्स, वी वोन्ट गो टु कास." "विल" एकदाच, मुख्य वाक्यात. "बिफोर", "आफ्टर", "अन्टिल", "ॲज सून ॲज" या सगळ्यांना हाच नियम.

अपवाद एक. "कधी येईल ते माहीत नाही" यातला "व्हेन" अट किंवा वेळ सांगत नाही, प्रश्न सांगतो. तिथे "आय डोन्ट नो व्हेन ही विल कम" बरोबर आहे. मराठीतही तिथे "येईल" आलंच आहे.

"इव्हन इफ" आणि "इव्हन दो" एकच ना?

नाही. "पाऊस आला तरी जाऊ": पाऊस येईल की नाही माहीत नाही, "इव्हन इफ". "पाऊस असूनही गेलो": पाऊस होता हे नक्की, "इव्हन दो". "तरी" आणि "असूनही" यांतला फरक तुम्हाला आधीपासून येतो, तोच इथे लावा.

"व्हाइल इटिंग, ही केम" असं लिहिल्यावर सर हसले. का?

हसायला नको होतं, कारण चूक समजण्यासारखी आहे. मराठीत "मी जेवत असताना तो आला" यात जेवणारा एक, येणारा दुसरा, आणि आपल्याला काही खटकत नाही. इंग्रजीत "व्हाइल इटिंग" म्हटल्यावर कर्ता लपतो, आणि ऐकणारा पुढच्या वाक्यातला कर्ता मागे नेऊन बसवतो. म्हणजे तोच जेवत जेवत आला. दोन माणसं असतील तर दोन्ही कर्ते उघड सांगा: "व्हाइल आय वॉज इटिंग, ही केम." माणूस एकच असेल तर आखूड रूप छान दिसतं: "आय लिसन टु द न्यूज व्हाइल कुकिंग", म्हणजे स्वयंपाक करता करता बातम्या ऐकते.

मराठीतल्या "की"ला इंग्रजीत काय म्हणायचं?

कुठला "की" त्यावर आहे. "तो म्हणाला की" मध्ये "दॅट". "चहा घेणार की कॉफी" मध्ये "ऑर". "पाऊस थांबला की निघू" मध्ये "व्हेन" किंवा "ॲज सून ॲज". "सांगितलं की!" मधल्या ठसक्याला शब्दच नाही, तिथे क्रियापदावर जोर देतात: "आय डिड टेल यू!"

"दॅट"बद्दल दोन गोष्टी. बोलताना तो बहुतेक वेळा गाळतात: "आय थिंक शी इज राइट." आणि "ही टोल्ड दॅट" म्हणू नका. "टोल्ड"ला कोणाला सांगितलं ते लागतंच: "ही टोल्ड मी दॅट". माणूस सांगायचा नसेल तर "ही सेड दॅट".

"टेल मी व्हेअर इज द स्टँड" मध्ये चूक आहे म्हणतात. कुठे?

"इज"च्या जागेत. सुटा प्रश्न असेल तर "व्हेअर इज द स्टँड?" तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की साध्या वाक्यासारखा होतो: "टेल मी व्हेअर द स्टँड इज." मराठीत "स्टँड कुठे आहे" आणि "स्टँड कुठे आहे ते सांग" यांत शब्द जागचे हलत नाहीत, म्हणून हा बदल आपल्या लक्षात येत नाही. प्रश्नचिन्ह कोणत्या वाक्याचं आहे ते बघा.

क्रियाविशेषण वाक्यात नेमकं कुठे ठेवायचं?

मराठीत क्रियापद शेवटी आणि "छान", "पटकन" त्याच्या अलीकडे: "ती इंग्रजी छान बोलते." त्याच सवयीने "शी स्पीक्स वेल इंग्लिश" होतं. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यात सहसा कोणाला शिरू देत नाहीत: "शी स्पीक्स इंग्लिश वेल."

"ऑल्वेज", "युज्वली", "ऑफन", "नेव्हर" मात्र मुख्य क्रियापदाच्या आधी येतात: "आय ऑल्वेज गो बाय एसटी." "इज", "ॲम", "आर" असतील तर त्यांच्या नंतर: "ही इज ऑल्वेज लेट." काल, उद्या, तिथे, इथे यांची जागा बहुधा शेवटी, आणि स्थळ आधी, वेळ नंतर: "आय वेंट टु कराड यस्टरडे."

शेवटी "ली" लावलं की क्रियाविशेषण होतं ना?

पुष्कळदा होतं, पण डोळे झाकून लावू नका. "फास्ट"ला "फास्टली" नाही. आणि "हार्ड"ला "ली" लावला की अर्थच फिरतो. कोरेगावचा एक मेहनती मुलगा पुण्यात मुलाखतीत म्हणाला, "सर, आय हार्डली वर्क." त्याला म्हणायचं होतं खूप कष्ट करतो, समोरच्यांनी ऐकलं जेमतेम काम करतो. तो परत येऊन हे सांगत होता तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण पहाटे घरच्या म्हशींची धार काढून कॉलेजला जाणारं पोर ते. "आय वर्क हार्ड." एवढंच. "लेट" म्हणजे उशिरा आणि "लेटली" म्हणजे अलीकडे, "निअर" म्हणजे जवळ आणि "निअरली" म्हणजे जवळजवळ, हेही वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवा.

"आय ॲम फ्रॉम सातारा ओन्ली" यातला "ओन्ली" चूक आहे का?

भारतात सगळीकडे कळतं, बाहेरच्या माणसाला "फक्त साताऱ्याचाच, दुसऱ्या कुठला नाही" असं काहीतरी विचित्र ऐकू येतं. हा आपला "च" आहे. "च"ला एक ठरलेला शब्द नाही: "इथेच" म्हणजे "राइट हिअर", "आत्ताच" म्हणजे "जस्ट नाऊ", "तोच" म्हणजे "द सेम वन", "मीच केलं" म्हणजे "आय डिड इट मायसेल्फ". "मी साताऱ्याचाच"साठी "आय ॲम फ्रॉम सातारा" म्हणा आणि सातारावर आवाज चढवा.

"हाउएव्हर" आणि "बट" अदलाबदल करता येतात का?

अर्थ जवळचा, बसण्याची जागा वेगळी. "बट" वाक्यं जोडतो. "हाउएव्हर" क्रियाविशेषण आहे, तो जोडत नाही, नुसता संबंध दाखवतो. म्हणून दुसऱ्या वाक्याच्या सुरुवातीला आला की त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो आणि नंतर स्वल्पविराम. "देअरफोर" तसाच. बोलताना दोन्हींची गरज क्वचित पडते.

बोर्डाच्या परीक्षेत "नो सूनर" येतं. रोजच्या बोलण्यात कोणी वापरतं का?

फारसं नाही. पण गुण आहेत, म्हणून रचना सांगते: "नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट." "डिड" आल्यामुळे क्रियापद मूळ रूपात जातं, आणि जोडीला "दॅन", "व्हेन" नाही. इथे इंग्रजीलाही जोडी लागते, तुम्हाला हायसं वाटेल! बोलताना "ॲज सून ॲज द बेल रँग, द चिल्ड्रन रॅन आउट". मराठीत "घंटा वाजताच".

"अँड" इतका सोपा, त्यात शिकण्यासारखं काय?

कर्मवीर भाऊराव पाटलांचं "कमवा आणि शिका" घ्या. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, पुढे तिचं केंद्र साताऱ्यात आलं, आणि १९४७ साली इथे छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. गरिबाघरची मुलं हाताने काम करून शिकली. इंग्रजीत त्याला "अर्न अँड लर्न" म्हणतात. आता यातला सांधा बदलून बघा. "अर्न टु लर्न" म्हणजे शिकण्यासाठी कमवा, कमाई हे नुसतं साधन झालं. "लर्न व्हाइल यू अर्न" म्हणजे कमावता कमावता शिका, मुख्य काम कमाईचं झालं. "अँड" ठेवला की दोन्ही कामं एका पातळीवर उभी राहतात, श्रमही तितकाच मोठा आणि शिक्षणही. वर्गात मी या तीन ओळी फळ्यावर लिहिते, तेव्हा ज्यांचे आजोबा संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकले ती मुलं फरक आधी सांगतात.

सराव कसा करू? वेळ फार मिळत नाही.

शब्दांची यादी लांबवू नका. "अँड, बट, ऑर, सो, बिकॉज, इफ, व्हेन, बिफोर, अन्टिल, ऑल्दो" एवढ्या दहांत रोजचं बोलणं भागतं. रात्री झोपण्याआधी घरात दिवसभरात बोललेली तीन जोडवाक्यं मराठीत आठवा, स्वतःचीच, पुस्तकातली नकोत. त्यात "जरी-तरी", "जोपर्यंत-तोपर्यंत" असेल तर आधी मराठीतच ते वाक्य एका सांध्यावर आणा, मग इंग्रजीत म्हणा, मोठ्याने. पेढ्यांच्या दुकानातल्या ताईच्या वहीतली गेल्या मंगळवारची तीन अशी होती: "गिऱ्हाईक येईपर्यंत बॉक्स भरले." "पाऊस असूनही गर्दी होती." "दुकान बंद करून आईला फोन केला." तिसऱ्याचं तिने "आय क्लोज्ड द शॉप अँड कॉल्ड माय मदर" असं केलं होतं, आणि खाली कंसात स्वतःच विचारलं होतं, "इथं बिफोर का नको?"